रणांगण: बोट एक, प्रवास दोन

आमच्या पुलगावात 'रणांगण' म्हटलं की आधी डेपो आठवतो. लष्कराचं दारूगोळा भांडार, गावातल्या कित्येक घरांची रोजीरोटी. मे २०१६ च्या अखेरीस तिथे आग लागून स्फोट झाले. युद्धबिद्ध काही नव्हतं, तरी माणसं गेली. तेव्हापासून विश्राम बेडेकरांच्या कादंबरीचं नाव मला जास्त पटायला लागलं. 'रणांगण' (१९३९) मध्ये तोफा-बंदुकांची लढाई नाहीच. बेडेकर तसे आमचे शेजारीच म्हणायचे. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, आणि त्यांचा जन्म अमरावतीचा, १९०६ चा.

(पुढे शेवट सांगितलाय. कादंबरी वाचायची असेल तर इथेच थांबा :))

गोष्ट थोडक्यात अशी. युरोपातून परतणारा चक्रधर विध्वंस आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू तरुणी हॅर्टा एकाच बोटीवर भेटतात. प्रेम जमतं. मुंबई येते, चक्रधर उतरतो. ती पुढे जाते आणि समुद्रात जीव देते.

आता ही बोट बघा. चक्रधरसाठी ती घरी नेणारं वाहन आहे. प्रेमात एकदा होरपळलेला हा माणूस पुन्हा गुंतायला घाबरतो. पण इथे सगळ्याला मुदत आहे. मुंबई आली की उतरायचं! मला वाटतं, शेवट आधीच ठरलेला असल्यामुळेच तो जवळ जायची हिंमत करतो. हॅर्टाला मात्र उतरायला असं बंदरच नाही. त्याच्यासाठी जी सुटी आहे, तेच तिचं सगळं आयुष्य आहे. दोघं एकाच डेकवर उभे आहेत, पण प्रवास दोन आहेत.

नावाचीही गंमत आहे. चक्रधर म्हणजे कृष्ण, डळमळलेल्या अर्जुनाला रणांगणावर उभं करणारा. इथला चक्रधर स्वतःच अर्जुनासारखा डळमळलाय आणि त्याला सांगायला कोणी नाही. आडनाव तर विध्वंसच!

हे फक्त एका माणसाच्या मनातलं म्हणून सोडता येत नाही, कारण तेव्हा जग तरी काय करत होतं? जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी ३२ देश ज्यू निर्वासितांसाठी जमले. सहानुभूती भरपूर दाखवली, दारं बहुतेकांनी बंदच ठेवली. नोव्हेंबरात जर्मनीत सिनेगॉग जाळले गेले. मे १९३९ मध्ये 'सेंट लुईस' ही बोट ९३७ प्रवासी घेऊन क्यूबाला निघाली. क्यूबानं मोजक्याच लोकांना उतरू दिलं, अमेरिका-कॅनडानं घेतलं नाही आणि बोट युरोपात परत आली. त्या प्रवाशांपैकी २५४ जण पुढे नाझींच्या तावडीत सापडून मेले.

यातल्या बऱ्याच देशांना ज्यूंचा द्वेष नव्हता. त्यांच्याकडे अडचणी होत्या, कारणं होती. चक्रधरकडेही आहेत. त्याचं हॅर्टावर प्रेम खरंच आहे, उतरताना जीवही तुटतो, पण तो उतरतोच. बेडेकरांनी त्याला खलनायक केला असता तर आपण हिटलरच्या नावानं बोटं मोडून मोकळे झालो असतो. तसं होत नाही. चांगल्या माणसाच्या कचरण्यानंही कुणाचा तरी जीव जातो, हे पचायला फार जड आहे.

फडके-खांडेकरांच्या त्या जमान्यात मराठी नायकाचं मन इतकं उघडं टाकणं सोपं नव्हतं. शिवाय कादंबरी आली त्याच वर्षी सप्टेंबरात महायुद्ध पेटलं. ज्यूंचं पुढे काय होणार हे लिहिताना बेडेकरांना माहीत असणं शक्य नव्हतं. आपल्याला माहीत आहे, म्हणून आज ती वाचताना जास्त त्रास होतो.

असो. पुस्तक छोटंसं आहे, एका रविवारात होतं. वाचून झालं की एवढंच सांगा, चक्रधरच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? मला अजून उत्तर सापडलेलं नाही.