पगारी खेळाडूंचा पहिला हंगाम

१८६९ सालच्या अखेरीस अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या सिन्सिनाटी शहरी एका बेसबॉल मंडळाने आपला वार्षिक हिशेब मांडला. जमा होती २९,७२६ डॉलर २६ सेंट आणि खर्च होता २९,७२४ डॉलर ८७ सेंट. शिल्लक उरली १ डॉलर ३९ सेंट. या मंडळाच्या संघाने त्या वर्षी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे बारा हजार मैलांचा प्रवास केला होता. जवळजवळ दोन लाख प्रेक्षकांनी त्याचा खेळ पाहिला होता, आणि हंगामात त्याने एकही सामना गमावला नव्हता. एवढ्या पराक्रमाची रोकड शिल्लक दीड डॉलरही भरू नये, ही गोष्ट चमत्कारिक वाटते. परंतु जमाखर्चाच्या त्याच वहीत खर्चाची जी एक बाब होती, तिच्यामुळे हा हंगाम क्रीडेच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला. ती बाब म्हणजे खेळाडूंचे पगार.

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. त्यात नऊ गडी असतात. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात, आणि फलंदाज ती चारही पालथी घालून मूळ जागी परतला म्हणजे एक धाव होते. प्रत्येक पक्षाला नऊ डाव मिळतात. १८६९ साली चेंडू हात खाली ठेवूनच टाकावा लागे, आणि क्षेत्ररक्षकांच्या हातांत हातमोजे नसत. फलंदाजामागे यष्टिरक्षकाप्रमाणे उभा राहणारा गडीसुद्धा उघड्या हातांनीच चेंडू झेली. त्यामुळे एका सामन्यात एका पक्षाने तीस-चाळीस धावा कराव्यात, यात कोणाला नवल वाटत नसे.

हा खेळ न्यूयॉर्कच्या सुखवस्तू तरुणांनी १८४५ च्या सुमारास नियमबद्ध केला. व्यापारी, वकील, कारकून असे लोक कामकाज आटोपल्यावर खेळत आणि सामन्यानंतर एकत्र भोजन करीत. १८५७ साली मंडळांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि दोनच वर्षांनी तिने खेळण्याबद्दल पैसे घेण्यास बंदी घातली. सद्गृहस्थाने हौसेसाठी खेळावे, मोलाने खेळू नये, अशी त्यामागची समजूत होती. समजूत उदात्त दिसते. परंतु खेळण्यासाठी दुपार मोकळी ठेवणे ज्याला परवडते, त्याच्याच सोयीची ती होती. टोप्या बनवणाऱ्या किंवा संगमरवर कोरणाऱ्या कारागिराची दुपार बुडाली, तर त्याची मजुरीही बुडत असे.

शिवाय ही बंदी फार दिवस पाळली गेली नाही. सामने पाहायला गर्दी होऊ लागली, तिकिटे लागली, पैजा लागल्या. मग चांगला खेळाडू आपल्याकडे असावा म्हणून मंडळे आडमार्गाने पैसे देऊ लागली. कोणाला व्यापाऱ्याच्या पेढीवर नावापुरती नोकरी मिळे, तर कोणाच्या हाती तिकिटांच्या उत्पन्नाचा वाटा गुपचूप पडे. १८६७ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल संघातील बहुतेक खेळाडू सरकारी कचेऱ्यांतील कारकून म्हणून दाखवलेले होते. त्या संघातील जॉर्ज राइट हा तरुण खेळाडू ज्या पत्त्यावर कारकुनी करीत असल्याची नोंद होती, त्या जागी एक सार्वजनिक बाग होती, असे सांगतात.

या लपवाछपवीचे हसे होण्यापुरतेच परिणाम झाले असते, तर गोष्ट वेगळी होती. परंतु गुप्तपणे पैसे घेणाऱ्याला दुसरा कोणीही गुप्तपणे अधिक पैसे देऊ शकतो. १८६५ साली न्यूयॉर्कच्या म्युच्युअल संघातील तीन खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामना घालवल्याचे उघडकीस आले. नियमाप्रमाणे पगारच नसलेल्या माणसाला मंडळ कोणत्या कराराने बांधणार? अखेर संघटनेने वस्तुस्थिती मान्य केली आणि १८६९ च्या हंगामापासून ज्या मंडळांना हवे असेल त्यांनी धंदेवाईक खेळाडू ठेवावेत, अशी मुभा दिली. या मुभेचा लाभ अनेकांनी घेतला. परंतु आपल्या साऱ्याच खेळाडूंना ठराविक पगारावर, ठराविक मुदतीसाठी आणि उघडपणे नेमण्याचे काम सिन्सिनाटीच्या मंडळाने केले.

मंडळाचे अध्यक्ष ॲरन चॅम्पियन हे पेशाने वकील होते. आपल्या शहराचे नाव पूर्वेकडील न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया यांच्या तोडीने घेतले जावे, ही त्यांची महत्त्वाकांक्षा. सिन्सिनाटी तेव्हा डुकराच्या मांसाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते, आणि पूर्वेकडील लोक त्यावरून शहराची चेष्टा करीत. संघाची बांधणी मात्र केली हॅरी राइट यांनी. त्यांचा जन्म इंग्लंडमधील शेफील्डचा. वडील सॅम राइट हे न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबाचे पगारी खेळाडू होते, आणि हॅरी स्वतः १८६५ साली सिन्सिनाटीस आले ते क्रिकेट क्लबाचे नोकर म्हणूनच. इंग्लंडातील क्रिकेटमध्ये सद्गृहस्थ आणि पगारी खेळाडू अशी पंक्तिभेदाची रीत होती. हा भेद तेथे १९६२ पर्यंत टिकला. पगारी खेळाडूला मान दुय्यम मिळे, परंतु त्याचा पगार मात्र कोणी लपवीत नसे. खेळणे हा राजरोस करण्याचा उद्योग असू शकतो, हे हॅरी राइट आपल्या घरीच शिकले होते.

त्यांनी जमवलेल्या दहा जणांचे करार १५ मार्चपासून १५ नोव्हेंबरपर्यंत आठ महिन्यांचे होते. हॅरींचा धाकटा भाऊ जॉर्ज याला १,४०० डॉलर, म्हणजे कर्णधार असलेल्या थोरल्या भावापेक्षा दोनशे अधिक, हॅरींना १,२००. चेंडू टाकणारा एसा ब्रेनर्ड याला १,१००, तिसरे ठाणे सांभाळणारा फ्रेड वॉटरमन याला १,०००. चार्ली गूल्ड, चार्ली स्वीझी, डग ॲलिसन, अँडी लेनर्ड आणि कॅल मॅकव्हे यांना प्रत्येकी ८००, आणि राखीव गडी डिक हर्ली याला ६००. एकूण ९,३०० डॉलर. यांतील स्वीझी आणि लेनर्ड टोप्या बनवीत, ॲलिसन संगमरवर कोरी, मॅकव्हे पियानो बनवी, गूल्ड हिशेबनीस होता, तर ब्रेनर्ड आणि वॉटरमन विम्याचे काम करीत. मूळचा सिन्सिनाटीचा असा त्यांत गूल्ड एकटाच. शहराच्या अभिमानासाठी उभारलेला संघ बहुतांशी परगावच्या माणसांचा होता.

पगार उघड झाल्याबरोबर अपेक्षाही उघड झाल्या. हॅरी राइट आपल्या गड्यांकडून नियमाने सराव करून घेत. चेंडू कोणाकडे गेला असता कोणी कोणाच्या पाठीशी उभे राहायचे, हे ठरलेले असे. मद्यपान, उशिरा येणे, पंचाशी हुज्जत घालणे या गोष्टींना त्यांच्याकडे थारा नव्हता. संघाचा पोशाखही वेगळा होता. इतर संघ पायघोळ विजारी घालून खेळत; यांनी गुडघ्यापर्यंतच्या विजारी आणि तांबडेभडक लांब मोजे घातले. प्रथम लोक हसले, काहींना तो पोशाख असभ्य वाटला. पण याच मोज्यांवरून संघाला ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नाव पडले.

मे महिन्याच्या आरंभी हंगाम सुरू झाला आणि महिनाअखेर संघ पूर्वेच्या दौऱ्यावर निघाला. १५ जून रोजी न्यूयॉर्कच्या म्युच्युअल संघाला त्यांनी ४ विरुद्ध २ धावांनी हरवले. त्या काळी इतक्या थोड्या धावांचा सामना क्वचित होई. क्षेत्ररक्षण किती चोख झाले असेल, हे त्यावरूनच ध्यानात यावे. दुसऱ्याच दिवशी ब्रुकलिनच्या बलाढ्य अटलांटिक संघाचा ३२-१० असा पराभव झाला. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी खेळाडूंचे स्वागत केले. १ जुलै रोजी संघ परतला तेव्हा शहर लोटले होते. लाकडाच्या एका व्यापारी कंपनीने खेळाडूंची नावे रंगवलेली सत्तावीस फूट लांबीची बॅट त्यांना नजर केली. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यापेक्षा या मंडळाचा अध्यक्ष होणे आपल्याला अधिक आवडेल, असे चॅम्पियन यांनी त्या वेळी बोलून दाखवले.

विजयाच्या मालिकेत एकच सामना अनिर्णित राहिला. २६ ऑगस्ट रोजी ट्रॉय येथील हेमेकर्स संघाशी १७-१७ अशी बरोबरी असताना पंचाच्या एका निर्णयावर वाद घालून हेमेकर्सच्या अध्यक्षांनी आपला संघ मैदानाबाहेर नेला. त्यांच्या बाजूने जुगाऱ्यांनी मोठ्या पैजा लावल्या होत्या आणि पराभव टाळण्यासाठीच ही युक्ती योजली गेली, अशी बोलवा होती.

त्याच वर्षी १० मे रोजी युटामध्ये लोहमार्गाची दोन टोके जोडली जाऊन अमेरिकेचा पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग पुरा झाला होता. चार महिन्यांनी याच मार्गाने हा संघ पॅसिफिक किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला आणि तेथल्या ईगल संघाला त्याने ३५-४ असे हरवले. यादवी युद्ध संपून चारच वर्षे झालेल्या त्या देशात, एकच संघ दोन्ही किनाऱ्यांवरील लोकांनी एकाच वर्षी पाहावा, ही नवलाची गोष्ट होती. हंगाम संपला तेव्हा संघटनेच्या सदस्य-मंडळांविरुद्ध ५७ विजय नोंदले गेले होते.

पुढच्या वर्षीही हा क्रम चालू राहिला. लागोपाठच्या विजयांची संख्या ऐंशीच्या वर गेली. मग १४ जून १८७० रोजी ब्रुकलिनच्या कॅपिटोलाइन मैदानावर अटलांटिक संघाशी पुन्हा गाठ पडली. तिकीट पन्नास सेंट असूनही हजारो लोक लोटले. नऊ डाव संपले तेव्हा ५-५ अशी बरोबरी होती. अटलांटिकचे खेळाडू बरोबरीवर समाधान मानून मैदान सोडू लागले. सिन्सिनाटीनेही होकार दिला असता, तर अजिंक्यपद अबाधित राहिले असते. परंतु दोन्ही कर्णधारांची संमती नसेल तर खेळ पुढे चालला पाहिजे, असा नियम होता, आणि सिन्सिनाटीने संमती नाकारली. अकराव्या डावात त्यांनी दोन धावा मिळवल्या आणि विजय हाती आल्यासारखा वाटला. तेवढ्यात ब्रुकलिनच्या जो स्टार्टने मारलेला चेंडू उजवीकडच्या गर्दीत शिरला. तो काढू पाहणाऱ्या मॅकव्हेच्या पाठीवर एक प्रेक्षक चढून बसला, असे म्हणतात. पाठोपाठ ब्रुकलिनचा कर्णधार बॉब फर्ग्युसन याने, चेंडू जॉर्ज राइटच्या टप्प्यात जाऊ नये म्हणून, नेहमीची बाजू बदलून डाव्या हाताने फलंदाजी केली आणि बरोबरी साधली. अखेर क्षेत्ररक्षणातील एका चुकीने निर्णय लागला: अटलांटिक ८, सिन्सिनाटी ७. चॅम्पियन यांनी घरी तार केली. पराभव झाला, परंतु मान खाली घालावी असे काही घडले नाही, असा तिचा आशय होता.

दुर्दैवाने शहराला तसे वाटले नाही. त्या वर्षी संघ सारे मिळून सहाच सामने हरला. तरीही अजिंक्य म्हणून ज्यांच्यासाठी गर्दी होत होती, ते हरू शकतात असे दिसताच प्रेक्षक रोडावले. ऑगस्टमध्ये चॅम्पियन यांनी अध्यक्षपद सोडले. नोव्हेंबर १८७० मध्ये मंडळाने जाहीर केले की, खर्च झेपत नसल्यामुळे पुढील वर्षी पगारी खेळाडू ठेवले जाणार नाहीत. ज्या शहराने सत्तावीस फुटी बॅट दिली होती, त्याचा उत्साह सहा पराभवांत ओसरला.

खेळाडू पांगले. राइट बंधू, गूल्ड आणि मॅकव्हे बोस्टनला गेले आणि ‘रेड स्टॉकिंग्ज’ हे नावही तिकडे घेऊन गेले. बाकीच्या पाच जणांनी वॉशिंग्टनच्या ऑलिंपिक संघाची वाट धरली. मार्च १८७१ मध्ये धंदेवाईक खेळाडूंची स्वतंत्र राष्ट्रीय संघटना न्यूयॉर्कला स्थापन झाली आणि बोस्टनच्या संघाने १८७२ पासून १८७५ पर्यंत लागोपाठ चार वेळा तिचे अजिंक्यपद मिळवले. १८७४ साली हॅरी राइट बेसबॉलचे दोन संघ घेऊन आपल्या जन्मभूमीस, इंग्लंडला गेले, आणि तेथे त्यांचे गडी क्रिकेटही खेळले. आज सिन्सिनाटीत ‘रेड्स’ नावाचा जो संघ आहे, तो पुढे निराळ्या मंडळाने उभारलेला आहे. जुन्या संघाकडून त्याला वारशाने लाभले आहे ते नावच.

या इतिहासाला काळी बाजू नाही असे नाही. १८६७ च्या डिसेंबरमध्येच राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय सदस्य असलेल्या मंडळांना दार बंद केले होते, आणि पगाराचे दार उघडले तेव्हाही ते बंदच राहिले. विसाव्या शतकात जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून उतरला तेव्हा १९४७ साल उजाडले होते. दुसरे असे की, करार करणाऱ्या मालकांनी कराराचा फासही केला. १८७९ पासून त्यांनी खेळाडूंना आपल्याकडेच राखून ठेवण्याची प्रथा पाडली, आणि ती मोडेपर्यंत १९७५ साल उलटले. श्रमाचे मोल मान्य होणे आणि श्रमिक मोकळा होणे, या दोन गोष्टींमध्ये जवळजवळ एक शतक गेले.

तरीही १८६९ च्या त्या ९,३०० डॉलरांचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. खेळण्याबद्दल पैसे देण्याची चाल त्या संघाने सुरू केली नाही. ती आधीच होती, पण चोरवाटेने. त्या दहा जणांनी केले ते इतकेच की, आपले मोल कागदावर लिहून घेतले आणि त्या मोलाला जागून आठ महिने सर्वांच्या डोळ्यांदेखत काम केले. खेळाच्या मैदानावरही कष्टाची भाकरी मानाने खाता येते, हे टोप्या शिवणाऱ्या आणि दगड कोरणाऱ्या त्या माणसांनी दाखवून दिले. वर्षअखेरीस मंडळाच्या तिजोरीत काय उरले, याची मोजदाद हिशेबनिसाने केली. तिजोरीबाहेर जे उरले, ते मात्र पुढच्या साऱ्या खेळाडूंच्या पदरात पडले.