शनिशिंगणापूरमधील दारांविना घरे

शनिशिंगणापूरमधील दारांविना घरे ही महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर या गावाची परंपरागत बांधकामपद्धती आहे. या पद्धतीत घराला दाराची चौकट असते. मात्र तिला पल्ला, कडी-कोयंडा आणि कुलूप नसते. ग्रामदैवत शनिदेव गावाचे रक्षण करतो, ही श्रद्धा या प्रथेच्या मुळाशी आहे. गावात बँक (२०११) आणि पोलीस ठाणे (२०१५) आल्यानंतर व्यापारी व शासकीय इमारतींनाही या प्रथेशी जुळवून घ्यावे लागले. त्यामुळे श्रद्धेचा विषय असलेली ही प्रथा सुतारकाम, हार्डवेअर, सुरक्षा आणि कायदा यांच्या दृष्टीनेही अभ्यासाचा विषय ठरली आहे.

स्थान

शनिशिंगणापूर हे गाव अहिल्यानगर शहरापासून सुमारे ३५ किलोमीटर अंतरावर आहे. छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावरील घोडेगाव येथून गावाकडे रस्ता जातो. सोनई हे जवळचे मोठे गाव आहे. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात शंभू महादेवाचे स्थान असलेले शिखर शिंगणापूर हे वेगळे गाव आहे.

गावातील शनिदेवाचे स्थान म्हणजे उघड्या चौथऱ्यावरील सुमारे पावणेसहा फूट उंचीची काळी शिळा होय. तिच्यावर छप्पर नाही व भोवती गाभाराही नाही. शनिवारी, शनी अमावास्येला आणि शनी जयंतीला येथे भाविकांची मोठी गर्दी होते.

आख्यायिका

प्रचलित आख्यायिकेनुसार, एकदा पानसनाल्याला मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर गुराख्यांना बोरीच्या झाडात अडकलेली एक काळी शिळा दिसली. काठीने टोचताच तिच्यातून रक्त वाहू लागले. त्या रात्री शनिदेवाने एका ग्रामस्थाला दृष्टान्त दिला आणि मामा-भाच्यांनी मिळून शिळा हलवावी, असे सांगितले. आकाश हेच आपले छप्पर असल्याने मंदिर बांधू नये आणि गावाचे रक्षण आपण करू, असेही देवाने सांगितल्याचे मानले जाते. त्यानंतर ग्रामस्थांनी घरांची दारे व कुलपे काढून टाकली, अशी समजूत आहे. चोरी करणारा आंधळा होतो किंवा त्याच्यामागे साडेसाती लागते, असा विश्वास गावात रूढ आहे.

आख्यायिकेचा काळ निश्चित नाही. ती मौखिक परंपरेने चालत आली असून तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक थोडेफार बदलतात.

दाराची घडण

या प्रथेत नेमके काय वगळले जाते हे समजण्यासाठी मराठी मुलखातील दाराची रचना लक्षात घ्यावी लागते. दाराचे स्थूलमानाने तीन भाग पडतात.

पहिला भाग चौकटीचा. दोन उभ्या बाजू, वरची आडवी पट्टी आणि खालचा उंबरठा मिळून चौकट होते. वरच्या पट्टीवर गणपती कोरलेला असल्यास तिला गणेशपट्टी म्हणतात. उंबरठा या शब्दाचा संबंध उंबराच्या झाडाशी (संस्कृत : उदुंबर) जोडला जातो.

दुसरा भाग पल्ल्याचा. पल्ला म्हणजे उघडझाप होणारी फळी. तिला झडप किंवा कवाड असेही म्हणतात. वाड्यांच्या मोठ्या दरवाज्यात माणसापुरते लहान दार असे, ते दिंडी दरवाजा या नावाने ओळखले जाते.

तिसरा भाग धातूच्या किंवा लाकडाच्या जोडसामानाचा. यात बिजागऱ्या, कडी, कोयंडा, खिट्टी, अडसर व कुलूप यांचा समावेश होतो. जुन्या गावगाड्यात चौकट व पल्ला सुतार करी, तर बिजागऱ्या, कड्या आणि खिळे लोहार घडवी. पुढे ही कामे कारखान्यांकडे आणि हार्डवेअरच्या दुकानांकडे गेली. आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईतील लालबाग येथे कुलपांचा उद्योग सुरू केला. उत्तर प्रदेशातील अलीगढ आणि तमिळनाडूतील दिंडीगुल ही कुलूपनिर्मितीची प्रसिद्ध केंद्रे आहेत. आजच्या दुकानात एका बाहेरच्या दारासाठी साधारणतः तीन-चार बिजागऱ्या, कुलूप अडकवण्याजोगी मोठी आडवी कडी (बाजारातील नाव ‘अल्ड्रॉप’), आतून लावायची उभी कडी (‘टॉवर बोल्ट’), मूठ आणि दार अडवणारा ‘स्टॉपर’ एवढे सामान दिले जाते.

शनिशिंगणापूरच्या प्रथेत पहिला भाग कायम राहतो. दुसरा व तिसरा वगळला जातो. चौकट असल्याने भिंतीतील मोकळ्या जागेच्या कडा सांभाळल्या जातात, पडदा लावण्यास आधार मिळतो आणि आत-बाहेरची सीमा उंबरठ्याने निश्चित होते.

दाराची कामे आणि पर्यायी व्यवस्था

चोराला अडवणे हे दाराच्या अनेक कामांपैकी केवळ एक काम आहे. जनावरे बाहेर ठेवणे, घरातल्यांना आडोसा देणे, ऊन-वारा-पाऊस अडवणे आणि येणाऱ्याला थांबून परवानगी घ्यायला लावणे ही कामेही दारच करते. शनिशिंगणापूरच्या श्रद्धेने चोरीपासून रक्षणाचे काम देवाकडे सोपवले आहे. उरलेल्या कामांसाठी ग्रामस्थांनी साध्या सोयी केल्या आहेत.

रात्री कुत्री किंवा अन्य जनावरे आत शिरू नयेत म्हणून चौकटीला एक सुटी फळी टेकवून ठेवतात. ती बिजागरीने जोडलेली नसते आणि तिला कडीही नसते, म्हणून तिला दार मानले जात नाही. आडोशासाठी पडदा लावतात. सार्वजनिक शौचालयालाही दाराऐवजी पडदा असल्याचे वर्णन वार्ताहरांनी केले आहे. कडी वाजवण्याची सोय नसल्याने येणारा माणूस बाहेरून हाक देतो. बाहेरगावी जातानाही घर तसेच उघडे ठेवले जाते. मराठीत ‘घराला कुलूप लागणे’ हा वाक्प्रचार घर ओस पडण्याच्या अर्थाने वापरतात. या गावात मात्र रिकामे घर आणि भरलेले घर बाहेरून सारखेच दिसते.

काही कुटुंबांनी सुरक्षिततेसाठी दारे बसवण्याची परवानगी ग्रामपंचायतीकडे मागितल्याचेही वृत्तांत नमूद आहे. यावरून प्रथेबाबत गावात सर्वांचे मत एकसारखे नसल्याचे दिसते.

बँक व पोलीस ठाणे

जानेवारी २०११ मध्ये यूको बँकेने शनिशिंगणापूर येथे शाखा उघडली. कुलूप नसलेली बँक म्हणून या शाखेची देशभर चर्चा झाली. ग्राहकांची ठेव सांभाळणे हे बँकेचे कर्तव्य असते. दुसरीकडे ग्रामस्थांच्या भावना दुखावणेही तिला परवडणारे नव्हते. रोकड, लॉकर व कागदपत्रांच्या सुरक्षेची काळजी घेतली असल्याचे बँकेकडून सांगण्यात आले. पुढील काळातील वृत्तांनुसार, शाखेच्या प्रवेशाला काचेचे दार असून त्याला सहज न दिसणारे, दूरनियंत्रकावर चालणारे विद्युतचुंबकीय कुलूप आहे.

विद्युतचुंबकीय कुलपात किल्ली, जीभ किंवा कोयंडा नसतो. चौकटीवर विद्युतचुंबक आणि पल्ल्यावर लोखंडी पट्टी बसवलेली असते. वीजप्रवाह चालू असेपर्यंत चुंबक पट्टीला धरून ठेवतो. प्रवाह खंडित होताच दार सुटते. व्यापारी इमारतींसाठी बाजारात मिळणाऱ्या अशा कुलपांची धारणशक्ती सामान्यतः ६०० पौंड (सुमारे २७० किलो) किंवा १२०० पौंड (सुमारे ५४० किलो) असते. वीज गेल्यावर दार आपोआप उघडत असल्याने आगीच्या प्रसंगी माणसे आत अडकत नाहीत. याच कारणाने, अखंड सुरक्षेसाठी अशा दाराला बॅटरीची जोड द्यावी लागते. बाहेरून कुलूप न दिसणे, ही येथील प्रथेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होय.

सप्टेंबर २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे सुरू झाले. त्याच्या दर्शनी प्रवेशालाही दार ठेवण्यात आले नाही.

चोरीच्या नोंदी आणि चिकित्सा

गावात चोरी होतच नाही, हा दावा पूर्णतः खरा नाही. २०१० मध्ये एका भाविकाने वाहनातील रोकड व मौल्यवान वस्तू चोरीला गेल्याची तक्रार केली. २०११ मध्ये सोन्याचे दागिने चोरीस गेल्याचे वृत्त आले. या घटना गावाच्या हद्दीबाहेर घडल्या असाव्यात, असे ग्रामस्थांकडून सांगितले गेले.

गुन्ह्यांचे प्रमाण कमी असण्याची अन्य कारणेही सुचवली जातात. गाव लहान व मुख्य रस्त्यापासून आत असल्याने अनोळखी माणूस चटकन लक्षात येतो. शिक्षेची भीती आणि गावाच्या लौकिकाची जपणूक यांमुळे ग्रामस्थ एकमेकांवर नकळत लक्ष ठेवतात. देवस्थानाची ख्याती वाढल्यावर रोज हजारो अनोळखी लोक गावात येऊ लागले आणि एकमेकांच्या ओळखीवर उभी असलेली ही व्यवस्था पूर्वीसारखी राहिली नाही.

कायदा आणि विमा

घराला दार नसल्याने चोरीचा गुन्हा सौम्य ठरत नाही. भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३०५ नुसार (पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३८०) राहत्या घरातील किंवा मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतील चोरीला सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. या कलमासाठी दार वा कुलूप तोडलेले असण्याची अट नाही.

‘घरफोडी’ची कायदेशीर व्याख्या मात्र निराळी आहे. कुलूप उघडणे, बळाचा वापर करणे, माणसाच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने शिरणे अशा विशिष्ट प्रकारांनी केलेला गृह-अतिक्रमणाचा गुन्हा घरफोडी ठरतो. उघड्या चौकटीतून सरळ आत जाणे हे गृह-अतिक्रमण होऊ शकते. पण त्यात यांपैकी काही नसल्यास ती घरफोडी नव्हे.

हा फरक व्यापाऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. घरफोडी विम्याच्या प्रचलित करारांत बळजबरीने प्रवेश झालेला असणे ही भरपाईची अट असते. युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल (२००४) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट ग्राह्य धरली. असा करार असलेल्या दुकानातून बळाचा वापर न करता माल गेला, तर चोरी सिद्ध होऊनही भरपाई नाकारली जाऊ शकते. म्हणजे दुकानाचे शटर व कुलूप चोराला अडवतात, तसेच ते तुटल्याची खूण विम्याच्या दाव्यात पुरावा म्हणून उपयोगी पडते. दाराचे हे काम पडदा किंवा सुटी फळी करू शकत नाही.

खुला चौथरा आणि प्रवेशाचा प्रश्न

घरांना दारे नसलेल्या या गावात देवाच्या चौथऱ्यावर मात्र सर्वांना प्रवेश नव्हता. स्त्रियांनी चौथऱ्यावर चढू नये, अशी रूढी होती. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी २००० मध्ये या रूढीविरुद्ध आंदोलन केले. त्यात डॉ. श्रीराम लागू व प्रा. एन. डी. पाटील यांचा सहभाग होता.

नोव्हेंबर २०१५ मध्ये एका महिलेने चौथऱ्यावर जाऊन दर्शन घेतल्यानंतर शिळेला दुधाचा अभिषेक करून शुद्धीकरण करण्यात आले आणि वादाला पुन्हा तोंड फुटले. जानेवारी २०१६ मध्ये देवस्थानाच्या अध्यक्षपदी प्रथमच एका महिलेची निवड झाली. त्याच महिन्यात, २६ जानेवारीला तृप्ती देसाई यांच्या नेतृत्वाखाली निघालेला भूमाता ब्रिगेडचा मोर्चा पोलिसांनी पारनेर तालुक्यातील सुपे येथे अडवला.

विद्या बाळ आणि ज्येष्ठ विधिज्ञ नीलिमा वर्तक यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी निर्णय दिला. महाराष्ट्रात १९५६ पासून लागू असलेल्या हिंदू सार्वजनिक पूजास्थानांतील प्रवेशाधिकाराच्या कायद्याची अंमलबजावणी करण्याचे उत्तरदायित्व शासनावर असल्याचे न्यायालयाने स्पष्ट केले. या कायद्यानुसार प्रवेशात अडथळा आणणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. त्या काळात देवस्थानाने पुरुषांनाही चौथऱ्यावर जाण्यास मनाई केली होती. ८ एप्रिल २०१६ रोजी गुढीपाडव्याला परंपरेप्रमाणे जल अर्पण करण्यासाठी पुरुष ग्रामस्थ चौथऱ्यावर चढले. त्याच दिवशी विश्वस्तांनी स्त्री-पुरुष सर्वांना प्रवेश खुला केला आणि महिलांनी चौथऱ्यावरून दर्शन घेतले.

या घटनाक्रमामुळे दार नसणे आणि प्रवेश असणे या दोन गोष्टी भिन्न असल्याचे स्पष्ट झाले. चौथऱ्याला पल्ला वा कुलूप नव्हते, तरी रूढीने तो निम्म्या समाजासाठी बंद होता. तो खुला होण्यासाठी आंदोलन, न्यायालयाचा निर्णय आणि विश्वस्तांचा ठराव यांची गरज पडली.

सद्यःस्थिती

दारे न लावण्याची प्रथा आजही गावाची ओळख म्हणून सांगितली जाते. मात्र नव्या बांधकामांच्या व वाढत्या वर्दळीच्या काळात तिचे पालन सर्वत्र सारखे होत नाही. प्रथा पाळणाऱ्यांच्या लेखी पल्ला, कडी आणि कुलूप दृष्टीस न पडणे ही तिची मुख्य खूण आहे. बँकेतील काचेचे दार आणि घरांतील सुटी फळी ही दोन्ही त्याच खुणेच्या मर्यादेत राहून काढलेली वाट आहे.

हे सुद्धा पहा

शनिशिंगणापूर
नेवासा
अहिल्यानगर जिल्हा
महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती
कुलूप
बलुतेदार