परताव्याची पत्रे आणि शिक्कामोर्तब

मराठेशाहीच्या दफ्तरात पत्राच्या अखेरीस मोर्तब उठवीत. मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक अक्षरही घालू नये, हा त्याचा हेतू. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण आजही वापरतो. राजाज्ञेची नक्कल होऊ शकते ही त्यामागची चिंता मात्र विसरलो आहोत. २०२० च्या उन्हाळ्यात तिची पुन्हा आठवण झाली.

२५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होती. ८ एप्रिल रोजी सरकारने घोषणा केली की, पाच लाख रुपयांपर्यंतचे प्रलंबित आयकर परतावे तातडीने दिले जातील. लाभ होणार होता सुमारे १४ लाख करदात्यांना. वस्तू व सेवा कर आणि सीमाशुल्काचे परतावे धरून एकूण रक्कम सुमारे १८,००० कोटी रुपये. निर्णय योग्यच होता. परंतु वेतनकपात सोसणाऱ्या घरांना परताव्याची आस लागलेली असताना तोतयांना याहून चांगली पूर्वप्रसिद्धी कोणती हवी? ‘आपला परतावा मंजूर झाला आहे, पुढील दुव्यावर टिचकी मारावी’ अशा आशयाचे संदेश फिरू लागले. मेच्या आरंभी आयकर विभागाला जाहीर करावे लागले की, हे संदेश आपले नव्हेत.

येथे एक गुंतागुंत होती, आणि ती मला अधिक बोधक वाटते. त्याच एप्रिलमध्ये विभागाने सुमारे १.७२ लाख करदात्यांना खरोखरच विपत्रे पाठविली होती. परताव्यातून जुनी थकबाकी वळती करण्यापूर्वी त्यांचे म्हणणे विचारणारी. काहींना तो जाच वाटला आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला खुलासा करावा लागला. म्हणजे एकाच पेटीत खरे पत्र आणि खोटे पत्र शेजारी शेजारी! पूर्वी करदात्याला निदान आपल्या वॉर्डाचे कार्यालय ठाऊक असे. विवरणपत्रांची छाननी बंगळूरच्या केंद्रात गेली. इंदूरचा असो वा बडोद्याचा, सर्वांना पत्र तेथूनच. विलंब घटला, चिरीमिरीला वाव उरला नाही, पण ओळखीचा चेहराही गेला.

मोर्तबाची सोय मात्र आधीच झालेली होती. १४ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकाने १ ऑक्टोबरपासून विभागाच्या प्रत्येक पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक आवश्यक केला. अपवाद वगळता त्यावाचूनचे पत्र निघालेच नाही असे मानायचे. हा क्रमांक विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही पडताळून पाहता येई. शिवाय १ मार्च २०१९ पासून परतावा केवळ पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होत होता. त्यासाठी कार्डाचा क्रमांक, पिन वा परवलीचा शब्द विभागाला लागतच नव्हता. ते विचारणारे पत्र, त्यावर राजमुद्रा कितीही ठळक असली तरी, खोटे होते.

सावध मंडळी दुवा न उघडता संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकित करीत. ७ जून २०२१ रोजी विभागाने विवरणपत्रांचे संकेतस्थळच बदलले, आणि त्यांना नवा पत्ता पाठ करावा लागला.