परवान्यावाचून लहरी

एके काळी घरी रेडिओ ऐकावयाचा, तर टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. आज दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संच तारेवाचून चित्रपट मिळवितो, आणि त्या घरगुती लहरींना परवाना लागत नाही. याचे मूळ १९८५ सालच्या निर्णयात आहे. मायक्रोवेव्ह भट्ट्यांच्या गोंगाटामुळे टाकाऊ ठरलेला २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने संदेशवहनास मोकळा केला. अटींपैकी दोन : शक्ती मर्यादित ठेवावी आणि इतरांचा उपद्रव निमूटपणे सोसावा. याच पट्ट्यावर पुढे ‘वाय-फाय’ उभे राहिले. १९९७ मध्ये त्याचा पहिला प्रमाणसंकेत ठरला. भारतात हा पट्टा २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त झाला. पडीक माळ पिकला तो मालकीने नव्हे, शेजारधर्माने!