दोन घरें आणि एक बंदूक

रत्नागिरी जिल्ह्यांतील मनुष्यास ‘आपलें घर कोठें?’ असें विचारिलें, तर तो बहुधा गांवाचेंच नांव सांगेल. मग मुंबईंत त्याचीं तीस वर्षें कां गेलेलीं असेनात. गिरणीच्या नोकरीसाठीं तो बोटीनें गेला, शिमग्यास व गणपतीस परत आला. माजघरांतली ठासणीची बंदूक मात्र जागची हालली नाहीं. अशा मनुष्याचें राहणें कोठचें मानावें, हा प्रश्न हत्यारांच्या कायद्यास टाळतां आला नाहीं.

लॉर्ड लिटनच्या अमदानींत १८७८ चा कायदा झाला, तेव्हां सरकारची दृष्टि घराकडे नव्हती, ती कातडीकडे होती. गोऱ्यास सूट आणि एतद्देशीयास परवाना! १८८७ सालीं मद्रासच्या राष्ट्रीय सभेनें या कायद्याविरुद्ध ठराव केला.

स्वातंत्र्यानंतरचा १९५९ चा कायदा १९६२ च्या ऑक्टोबरांत अमलांत आला. पीकसंरक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीची त्यानें स्पष्ट तरतूद केली. त्याच वर्षींच्या नियमांप्रमाणें अर्ज, शक्यतो, अर्जदार सामान्यतः राहतो किंवा त्याचा व्यवसाय असतो तेथील अधिकाऱ्याकडे करावयाचा होता. हें ‘किंवा’ जणुं चाकरमान्यासाठींच घातलें होतें! राहणें गांवीं धरलें तर जिल्हा मॅजिस्ट्रेट, व्यवसाय धरला तर मुंबईचा पोलिस कमिशनर. मात्र हत्यार घेऊन दुसरीकडे तीस दिवसांहून अधिक राहिल्यास तेथें कळविण्याची अट परवान्यांतच होती. २०१६ मध्यें या नियमांची जागा नव्या नियमांनीं घेतली.

अमेरिकेनें हाच पेंच निराळ्या रीतीनें सोडविला. तेथें १९६८ च्या कायद्यान्वयें गिऱ्हाईक कोणत्या राज्याचा रहिवासी, हें दुकानदारास पाहावें लागतें. आणि दोन राज्यांत घरें असलेला मनुष्य ज्या काळांत ज्या घरीं राहत असेल, त्या काळापुरता तेथचा रहिवासी समजला जातो. आमच्या चाकरमान्यास हें माप लावलें, तर गणपतींत तो रत्नागिरीकर आणि विसर्जनानंतर मुंबईकर!

आमच्याकडील खरी अडचण खरेदीनंतरची आहे. पीक गांवीं, परवाना धन्याच्या नांवाचा, आणि धनी मुंबईस. परवान्यांत नांव नसलेल्या भावानें त्याच्या पश्चात् बंदूक चालविली, तर तो गुन्हा ठरूं शकतो. (रानडुकर मारण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें निराळी परवानगी लागते, तें वेगळेंच.) गणपती पोंचवून धनी मुंबईस परततो, तेव्हां भात पोटरींत आलेलें असतें. डुकरें शेतांत शिरतात तीं त्यानंतरच.