दहाव्याला विचारलेला प्रश्न

२०२५ च्या सप्टेंबरात आमच्या जळकोट-उदगीर-मुखेड पट्ट्यात सोयाबीन पाण्यात होतं. बांध फुटलेले, रानं खरवडून गेलेली, जो तो पंचनाम्याच्या मागं. त्याच महिन्यात १९ तारखेला एक मराठी पिक्चर लागला आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही. मी पुण्याला भावाकडं गेलो होतो म्हणून बघितला. तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकतो. लांबलंय, पण वाचा.

पिक्चरचं नाव 'साबर बोंडं'. म्हणजे निवडुंगाची ती लाल बोंडं, वरून काटे आणि आत गोड. दिग्दर्शक रोहन परशुराम कानवडे. मुंबईच्या झोपडपट्टीत एका खोलीच्या घरात वाढलेला, वडील ड्रायव्हर. शिकला इंटिरियर डिझाइन. सिनेमाच्या कुठल्याही शाळेत गेला नाही. स्वतः समलिंगी आहे आणि ते लपवत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात या पिक्चरला परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च बक्षीस मिळालं. त्या महोत्सवात पोहोचलेला हा पहिला मराठी चित्रपट.

हे काही एका रात्रीत झालं नाही. थोडं मागं जाऊ.

इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत कलम ३७७ घातलं आणि असं प्रेम गुन्हा ठरलं. तरी १९८१ साली तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगमंचावर आणलं, त्यात एका मुलीचं दुसऱ्या मुलीवर प्रेम होतं. १९९६ साली मुंबईत रियाद वाडियानं 'बॉमगे' नावाचा छोटा चित्रपट केला. रियाद म्हणजे 'हंटरवाली' काढणाऱ्या वाडिया घराण्यातला. चित्रपटाला आधार होता आर. राज राव यांच्या इंग्रजी कवितांचा. भारतातली पहिली गे फिल्म म्हणून ती ओळखली जाते. रियाद २००३ साली गेला, चाळिशीही गाठली नाही. त्याच वर्षी श्रीधर रंगायन यांचा 'गुलाबी आईना' आला, त्याला सेन्सॉरनं प्रमाणपत्रच दिलं नाही. रंगायन थांबले नाहीत. २०१० पासून त्यांनी मुंबईत 'कशिश' हा महोत्सव सुरू केला. मधे २००६ साली सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही मराठी कादंबरी आली. घरी राहायला आलेल्या एकाच भाडेकरूवर बहीण आणि भाऊ दोघांचाही जीव जडतो, अशी ती गोष्ट.

या माणसांनी वाट पाडली, ते मान्यच. पण या सगळ्यात गाव नव्हतं. त्यामुळं आपल्याकडं एक समज घट्ट बसला, की ही शहरातल्या शिकलेल्या लोकांची थेरं. आपल्यात असलं काही नसतं.

कानवडेनं नेमका हाच समज खोडला. 'सुंदर', 'खिडकी' असे लघुपट करत २०१९ साली त्यानं 'यू फॉर उषा' केला. त्यातली उषा शेतमजूर बाई आहे, अक्षरओळख नसलेली, एकटीनं लेकरं सांभाळणारी. शाळेतल्या बाईंविषयी तिला ओढ वाटते आणि त्या ओढीनं ती वाचायला शिकायला निघते. तोवर, ६ सप्टेंबर २०१८ ला, सुप्रीम कोर्टानं सज्ञान माणसांचं संमतीचं नातं गुन्ह्यातून बाहेर काढलं होतं. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारला.

'साबर बोंडं' त्याच्या स्वतःच्या आयुष्यातून आलाय. वडील वारले, तो गावी गेला. दहा दिवसांचं सुतक, आणि पाहुण्यांचा एकच प्रश्न : लग्न कधी? पिक्चरमधल्या आनंदचंही तेच होतं. त्याला तिथं जुना मित्र बाळ्या भेटतो. बाळ्या शेतकरी आहे आणि तोही लग्न टाळतोय.

इथं मला थिएटरात घाम फुटला. सांगतो का ते.

आमच्या वर्गात एकजण होता. नाव सांगणार नाही. त्याचे वडील गेले आणि दहाव्यालाच भावकीनं ठरवून टाकलं, लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागेल. हळदीच्या आदल्या रात्री तो मला म्हणाला, "मला हे जमणार नाही रे. त्या पोरीचं वाटोळं होईल." मी हसलो. म्हटलं, सगळेच असं म्हणतात, होईल सवय. दुसऱ्या दिवशी मी पंक्तीत बुंदी वाढत होतो.

दोन वर्षांत ती पोरगी माहेरी परत गेली. गावानं तिलाच नावं ठेवली. तो कुठंतरी कंपनीत लागला म्हणतात, पुन्हा गावात दिसला नाही. त्याची आई अजून आहे. मी दिसलो की विचारते, "फोन येतो का रं तुला त्याचा?"

पिक्चरमधल्या आनंदच्या आईला सगळं ठाऊक आहे. शाळा फारशी न शिकलेली बाई, पण भावकीसमोर पोराला सांभाळून घेते. माझ्या मित्राच्या आईला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याला त्यानं सांगायचा प्रयत्न केला, तो मी होतो.

लग्नाळू पोराला तिघंचौघं घेरून बसलेले पुढच्या दहाव्याला दिसतीलच तुम्हाला. पोरगं नको म्हणत असेल तर बाजूला घ्या, का ते विचारा. आणि सांगायला लागलं तर हसू नका.