जिवाणू खतातील जनुकांचे नियंत्रण : उत्परिवर्तनाने काय बदलते?

बीजप्रक्रियेसाठी आपण ॲझोटोबॅक्टर वापरता, तेव्हा त्यातील जिवाणू हवेतील नत्र अमोनियाच्या रूपात स्थिर करतात. मात्र हे काम ते सतत करत नाहीत. नत्राच्या एका रेणूमागे त्यांना किमान १६ एटीपी रेणूंची ऊर्जा खर्चावी लागते. त्यामुळे जमिनीत अमोनियम आयते मिळाले, की जिवाणू हा कारखाना बंद ठेवतो. पेरणीसोबत युरियाची भरघोस मात्रा दिल्यास जिवाणू खताचा परिणाम दिसत नाही, त्याचे एक कारण हेच.

ही चालू-बंद व्यवस्था जनुकांच्या पातळीवर असते. जिवाणूमध्ये एकाच कामाची जनुके बहुधा शेजारी-शेजारी असतात आणि एकाच बटणाने चालू होतात. अशा गटाला ऑपेरॉन म्हणतात. फ्रान्समधील झाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये ई. कोलाय जिवाणूच्या अभ्यासातून ही कल्पना मांडली.

ॲझोटोबॅक्टरमध्ये ‘निफ-एल’ आणि ‘निफ-ए’ ही जनुके एकाच ऑपेरॉनमध्ये आहेत. ‘निफ-ए’चे प्रथिन नत्र स्थिरीकरणाची जनुके चालू करते. अमोनियम किंवा ऑक्सिजन जास्त असल्यास ‘निफ-एल’चे प्रथिन त्याला अडवून धरते.

आता उत्परिवर्तन, म्हणजे जनुकातील बदल, नेमका कुठे झाला यावर सारे ठरते. ‘निफ-ए’ बिघडले तर नत्र स्थिर करणारी जनुके शाबूत असूनही गप्प राहतात. ‘निफ-एल’ निकामी झाले तर लगाम सुटतो. अमोनियम असतानाही काम चालू राहते आणि जादा अमोनियम पेशीबाहेर पडते. पण येथे एक मेख आहे. ऑपेरॉनमध्ये ‘निफ-एल’ आधी आणि ‘निफ-ए’ नंतर वाचले जाते. ‘निफ-एल’मधील बिघाडाने वाचन तिथेच थांबले, तर पुढचे ‘निफ-ए’ही बंद पडते. जनुक तेच, परिणाम मात्र उलटा!

लगाम सुटलेले जिवाणू पिकासाठी आकर्षक वाटतात. परंतु त्यांची ऊर्जा वाया जाते, वाढ मंदावते आणि नवे उत्परिवर्तन होऊन तो गुण पुन्हा नाहीसा होऊ शकतो.

म्हणूनच एकाच पाकिटापासून गुळाच्या पाण्यात वारंवार संवर्धन वाढवत राहू नये. त्यात इतर जिवाणू शिरतात. शिवाय द्रावणात नत्र असल्यास नत्र स्थिर न करणारे जिवाणूही तितक्याच जोमाने वाढतात. दर हंगामात मुदतीतील ताजे संवर्धन घ्यावे. बियाण्यास आधी बुरशीनाशक, नंतर जिवाणू संवर्धन लावून बियाणे सावलीत सुकवावे व लगेच पेरावे.